पंटर

शिगम्याला गिरगावातला मामा पेडण्याला यायचा. पत्रादेवीचा नाका ओलांडून एसटी आमच्या तिठ्यावर थांबली की खिडकीतूनच हाक ऐकू यायची, "माझे पंटर खंय गेले रे?" आम्ही तिघे भाचे धावत सुटायचो. एकाच्या डोक्यावर ट्रंक, दुसऱ्याकडे पिशव्या, आणि मी धाकटा म्हणून माझ्या हाती ट्रान्झिस्टर. पंटर म्हणजे मामाचा भरवशाचा माणूस, एवढं आम्हाला कळत होतं आणि तेवढं पुरत होतं.

पुढे शिकायला मुंबईला गेलो तेव्हा फेब्रुवारीतल्या एका रविवारी मामाने मला महालक्ष्मीला नेलं. डर्बीचा दिवस होता. १८८३ सालापासूनचं ते मैदान. डर्बी तिथे १९४३पासून धावते. माणसं रेसचं पुस्तक उघडून घोड्याचं कुळ, पाठीवरचं वजन, जॉकीचं नाव पेन्सिलीने ताडून पाहत होती. मामा म्हणाला, "हे सगळे पंटर." टोटच्या खिडकीवर सगळ्यांचे पैसे एकत्र गोळा होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात, हेही त्याने समजावलं. म्हणजे एका पंटरच्या हाती येतो तो दुसऱ्या पंटरचाच पैसा. घोडे शेवटच्या वळणावर आले आणि सगळं स्टँड उभं राहून ओरडू लागलं. मी मात्र एकाच प्रश्नात अडकलो होतो. मी कधी कशावर एक पैसा लावला नाही, मग मी पंटर कसा?

त्या शब्दाची वाट मी नंतर शोधली. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. फारो नावाच्या पत्त्यांच्या खेळात बँकेविरुद्ध पैसे लावण्याला फ्रेंच लोक 'पोंते' म्हणत. तिथून तो रेसच्या मैदानावर गेला. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ठिपक्याच्या शब्दाशी जोडतात. हे वाचलं आणि मला आजोबा आठवले. पोर्तुगीज शाळेत शिकलेले आजोबा घरातला वाद मिटवायचा झाला की म्हणत, "पोंतु फिनाल!" पूर्णविराम. तोच ठिपका. एक भाऊ पेडण्यात आमच्या माजघरात बसला होता, दुसरा मामाच्या तोंडून एसटीच्या खिडकीतून येत होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

पण मला लागून राहिली ती अर्थाची उलटापालट. रेसवरचा पंटर स्वतःच्या खिशातले पैसे लावतो. धावतं दुसरं कोणी. मुंबईच्या बोलीत पंटर म्हणजे कुणाच्या तरी मागचा पोरगा, सांगितलं की पळणारा. पैसे लावणाऱ्याचं नाव धावणाऱ्याला कधी चिकटलं? मला वाटतं, आकड्यांच्या चिठ्ठ्या पोचवणाऱ्या गल्लीतल्या पोरांकडून ते झालं असावं.

डिचोलीत शिकवायला लागलो त्यानंतर काही वर्षांनी एक जुना विद्यार्थी भेटला. गणितात फार हुशार होता. मोटारसायकलला झेंडा, मागच्या सीटवर बॅनरची गुंडाळी. निवडणुकीतल्या एका इच्छुकाचं नाव घेऊन अभिमानाने म्हणाला, "सर, आता हांव तांचो पंटर." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या वयात मलाही त्या शब्दाचा असाच अभिमान वाटला होता, म्हणून पुढे काही बोलवेना. ते न बोलणं अजून सलतं.

त्याच वर्षी शिगम्यात तो घोडेमोडणीत दिसला. राणे घराण्याच्या पराक्रमाची आठवण म्हणून हा नाच नाचतात, असं आपल्याकडे मानतात. कमरेला लाकडी घोडा बांधलेला, डोक्याला फेटा, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात तलवार. ढोल-ताशा चढला तसा तो घोडा उसळला. लगाम खेचणारा तोच, आणि घोड्याच्या झालरीखाली धुळीत ताल धरणारे अनवाणी पायही त्याचेच. गर्दीत मी त्याला नावाने हाक मारली.