ओळख दोन्हीकडून हवी



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात आमच्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना घरात सगळे आक्का म्हणतात, सकाळी अष्टद्रव्याचा डबा घेऊन मंदिराला निघाल्या. कोपऱ्यावर मोटारसायकलवरच्या दोघांनी अडवलं. "आम्ही पोलीस आहोत. पुढं चोरी झालीय. आजी, नाव काय? राहता कुठं? एवढं सोनं घालून फिरता होय?" आक्कांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि त्यांनीच पुढं केलेल्या रुमालात पाटल्या काढून ठेवल्या. मंदिराच्या पायरीवर गाठ सोडली, तर आत दोन खडे!

पाटल्या आईनं दिलेल्या होत्या. पण आक्कांना लागलं ते वेगळंच. "मी तर सगळं खरं सांगितलं गं," एवढंच त्या दिवसभर म्हणत राहिल्या.

माझी भाची वकिली करते. ती भेटायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "पोलिसांनी नाव विचारलं तर सांगायचं की नाही?" तिनं सांगितलेलं मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. बी.कॉम.ची सवय, लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

रस्त्यानं चालणाऱ्या माणसानं ओळखपत्र जवळ बाळगलंच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडं नाही. गाडी चालवत असाल तर मात्र गणवेशातल्या पोलिसानं मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं. मोबाइलवरच्या डिजिलॉकरमधलंही चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३९ आहे. पोलिसासमोर एखाद्यानं अदखलपात्र गुन्हा केला, किंवा तसा आरोप त्याच्यावर असला, आणि त्यानं नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर खरं नाव कळण्यासाठी त्याला अटक करता येते. नाव-पत्ता पटला की जातमुचलक्यावर सोडायचं. चोवीस तासांत पटला नाही, तर दंडाधिकाऱ्यांसमोर न्यायचं.

"म्हणून मावशी," भाची म्हणाली, "खऱ्या पोलिसाला नाव-पत्ता खरा सांगावा. त्यात आपलं काही जात नाही. खोटं तर कधीच सांगू नये. पण अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हाही कायदाच आहे. अटकेचं कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, वकिलाला भेटू द्यायला हवं. आणि खरा पोलीस रस्त्यात दागिने काढून रुमालात बांधायला सांगत नाही."

आणखी दोन गोष्टी बायकांनी लक्षात ठेवाव्यात. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर बाईला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. आक्कांना पुन्हा जबाबाला बोलावणं आलं, तेव्हा भाचीनं फोनवर हे नम्रपणे सांगितलं आणि पोलीस घरी आले. चहा घेऊन, जबाब लिहून गेले. दुसरी गोष्ट, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. हे ऐकून आक्का पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे कायदापण चौविहार पाळतो म्हण की!"

या माघात माझी परीक्षा झाली. माताजींच्या विहारात आम्ही सात-आठ जणी चालत होतो. नुकतं उजाडलं होतं. जीप थांबली. जाकीट घातलेल्या एका पोलिसानं विचारलं, "कुठून आलात? नाव काय? आधार आहे का?" छातीत धडधडलं. तरी म्हटलं, "भाऊ, सांगते. आधी तुमचं नाव आणि ठाणं सांगाल का? आमच्या घरी तोतयांनी फसवलंय." माझा आवाज कापत होता. त्यांनी जाकिटाची चेन खाली ओढली. आत नावाची पट्टी होती. ठाण्याचं नावही सांगितलं. जवळच्या शेडमध्ये रात्री चोरी झाली होती, म्हणून विचारत होते. मी माझं नाव-गाव सांगितलं, आधार बरोबर नाही हेही सांगितलं. त्यांनी माताजींना हात जोडले आणि पुढं गेले.

घरी येऊन आक्कांना हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "असं विचारता येतं, हेच मला माहीत नव्हतं."

मैत्रिणींनो, सत्यव्रत म्हणजे कुणीही काही मागितलं की ते हातात देणं नव्हे. पावती बघितल्याशिवाय आपण दुधाचे पैसेसुद्धा देत नाही. शंका आली तर गर्दीच्या जागी थांबा, ११२ ला फोन लावा. आणि घरातल्या आज्जींना हे आज वाचून दाखवा. पोलिसाला नाव विचारणं हा उद्धटपणा नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.