साप नसलेला पट

टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी खेळ करायचा म्हटलं की पहिली सूचना ठरलेली: सापशिडी करा. जिलेबी खाल्ली की साप, पळायला गेलं की शिडी. मला ते कधीच पटलं नाही. हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. पुढे ताप आला, वयात येणं सुरू झालं, की सगळं नीट सांभाळूनही शुगर चढते. त्यापायी घरी बोलणी खाल्लेलं पोर पटावरही घसरणार असेल, तर खेळेल कशाला?

म्हणून साप बाद. आम्ही पदार्थांचे पत्ते केले. त्यांवर पथ्य-कुपथ्य काही नाही, नुसते कर्बोदकांचे ग्रॅम. पत्ते जोडून ताट लावायचं आणि बेरीज करायची. शिबिरात नववीतल्या एका मुलीने पुरणपोळीचा पत्ता उलटासुलटा करून पाहिला. "ताई, तूप कुठाय? तूप घेतलं की माझी शुगर उशिरा चढते." बरोबर होतं तिचं. तुपाचा वेगळा पत्ता झाला.

जास्त डोकं लागलं ते 'हायपो'च्या पत्त्याला. शुगर ७०च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे मुलांना पाठ असतं. पण त्या वेळी हात थरथरतात, काही सुचत नाही. वर्गात खरी मदत होते ती बाकावरच्या शेजाऱ्याची. म्हणून हायपो झालेला गडी डावातून जात नाही. शेजारच्याने आपल्याजवळचा साखरेचा पत्ता दिला की दोघंही पुढे सरकतात. ज्यांना मधुमेह नाही, ती भावंडं हा नियम सगळ्यांत आधी शिकली.

अमेरिकेत १९९५मध्ये सुपर निन्टेंडोवर 'पॅकी अँड मार्लन' हा व्हिडिओ गेम आला होता, मधुमेह असलेल्या दोन हत्ती मित्रांचा. त्याची चाचणी १९९७मध्ये छापून आली. खेळ घरी नेलेल्या मुलांना तातडीने दवाखाना गाठायची वेळ ७७ टक्क्यांनी कमी आली. मला त्यातली दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते: ती मुलं आईवडिलांशी आजाराबद्दल अधिक बोलू लागली.

आमचा खेळ मात्र कागदीच ठेवला. मोबाइल बाबांबरोबर कामावर जातो. नव्या संचात भारनियमनाचा पत्ता आहे: फ्रीज नाही, इन्सुलिन कुठे ठेवाल? शहरातली मुलं अडतात. खेड्यातली लगेच सांगतात, "बंद डब्यात घालून पाण्याच्या मडक्यात."