समुद्राचे पंचांग

दिवाळीचा फराळ आणि दिवाळी अंक यांचा एक गुण सारखाच आहे. दोन्ही संपण्याआधी घरात कुठेतरी जाण्याचे बेत शिजू लागतात. मग भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरते, तांबडे आकडे मोजले जातात, मुलांच्या परीक्षा वगळल्या जातात आणि हाती दोनच सुट्ट्या उरतात : एक दिवाळीची, दुसरी मे महिन्याची. महाबळेश्वरला हा हिशेब चालतो. डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून समुद्रातली पोवळी पाहायला निघालेल्या माणसाला मात्र तो चालत नाही. आपल्या शाळांचे वेळापत्रक समुद्राला कोणी कळवलेले नाही!

लक्षद्वीपचेच पाहा ना. कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर अरबी समुद्रात ही बेटे विखुरली आहेत. सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि वस्ती दहाच बेटांवर. बुडालेल्या डोंगराभोवती पोवळ्यांनी कडे बांधावे आणि कड्याच्या आत उथळ, हिरवे-निळे पाणी राहावे, अशी यांची घडण. डार्विनने १८४२ साली ही उपपत्ती मांडली. त्या आतल्या पाण्यात सगळी मौज आहे, आणि तिची वेळ वारा ठरवतो.

मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेच्या कड्यावर लाटा आदळत असतो. पाणी गढूळते, जहाजांच्या फेऱ्या कमी होतात. तेव्हा पावसाळा बाद. दिवाळीपर्यंत पाणी निवळू लागते खरे, पण वादळांचा हंगाम संपलेला नसतो. २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभी ‘ओखी’ने याच बेटांना झोडपले होते. शिवाय दिवाळी म्हणजे अमावस्या, आणि अमावस्या म्हणजे उधाण. आपल्या कोकणातला कोळी हे पंचांग न उघडता सांगेल. उधाणात पाणी फार चढते, फार उतरते आणि कड्याच्या वाटांमधून जोराने ओढ घेते. नवख्याने त्या वेळी पाण्यात शिरू नये.

मग मे? मे महिन्यात वादळ येऊ शकते. २०२१ चे ‘तौक्ते’ लक्षद्वीपजवळच जन्मले आणि पुढे आपल्या किनाऱ्यालाही फटकारून गेले. पण खरी अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मेमध्ये तिथले पाणी वर्षातले सर्वांत ऊन असते. पोवळ्याच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते. ते पोवळ्याला अन्न देते आणि रंगही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी अंशभर जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी पोवळे या भाडेकरूला घराबाहेर काढते आणि पांढरेफटक पडते. पाणी लवकर निवले तर सावरते, नाही तर मरते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे घडले. मेमध्ये जाणे म्हणजे ऐन तापात आजाऱ्याच्या घरी पाहुणचाराला जाणे.

उरले माघ-फाल्गुन. वारा मंद, पाणी नितळ, ऊन सोसवेल असे. हे ठरायला आमच्या घरी मात्र तीन बैठका लागल्या. सौ.चे म्हणणे, पुढच्या वर्षी थोरलीची दहावी आटोपली की जाऊ. पण प्रश्न अण्णांचा होता. माझे वडील तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवीत. त्यांनी फळ्यावर काढलेली कंकणाकृती बेटे शेकडो मुलांनी वहीत उतरवली. स्वतः अण्णांनी एकही पाहिले नव्हते. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे. कल्पेनीला जहाज बाहेर थांबते आणि माणसे हलत्या होडीत उतरतात. समुद्र शांत नसेल तर अण्णांना जहाजावरूनच परत यावे लागले असते. आणि पुढच्या वर्षी अण्णांचे गुडघे कसे असतील, पोवळी कशी असतील, याची हमी कोण देणार?

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिले. “आठवडाभर भूगोल बुडेल,” म्हणाल्या. “तोच पाहायला चाललोय,” असे धाकट्याने सांगितले आणि रजा मिळाली.

२०२५ च्या माघ शुद्ध अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या भरतीला, आम्ही कल्पेनीला होतो. दोन खलाशांनी अण्णांना अलगद होडीत घेतले. मुले नळी लावून पाण्यावर पालथी तरंगली. अण्णा काचेच्या तळाच्या होडीतून खाली पाहत बसले. सगळे रंगीत होते असे मी सांगणार नाही. कित्येक फांद्या मेलेल्या, वर करडे शेवाळ. पण त्यांच्या शेजारीच मेंदूसारख्या वळ्यांचे जिवंत पोवळे, आणि खडक कुरतडणारे पोपटमासे. त्यांच्या दातांचा करकर आवाज पाण्याखाली ऐकू येतो. किनाऱ्यावरची पुष्कळशी पांढरी वाळू त्यांच्याच पोटातून आलेली असते. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, “मी फळ्यावर सगळे पांढऱ्या खडूनेच काढत होतो रे.”

तेव्हा वाचकहो, जायचे तर फेब्रुवारी-मार्च धरा आणि अष्टमीच्या आगेमागे तिथी पाहा. बेटांवर जायला परवाना लागतो, त्याची खटपट आजच सुरू करा. सकाळी, वारा उठण्यापूर्वी पाण्यात उतरा. पोवळ्यावर पाय ठेवू नका आणि आठवण म्हणून तुकडा उचलू नका. कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. आणि घरात कोणी “पुढच्या वर्षी पाहू” म्हणाले, तर त्यांना प्रेमाने सांगा की महिना समुद्र दरसाल परत आणतो, पोवळी आणतोच असे नाही.