पाकिटावरील आप्तवाक्य

गेल्या श्रावणातील एका तिसऱ्या प्रहरी आमच्या वहिनींनी एक चकचकीत पाकीट माझ्या हाती दिले व म्हणाल्या, "भाऊजी, एवढं वाचून सांगा. मला चालेल ना?"

वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंच्या पत्नी. वय बहात्तर, आणि गेली अकरा वर्षे मधुमेह. उमरग्याच्या आमच्या जुन्या वाड्यात लहानथोर मिळून आम्ही तेरा माणसे राहतो. त्यांत 'छापील मजकूर वाचून अर्थ सांगणे' हे खाते परंपरेने मजकडे आहे. पाकीट सूनबाईंनी वहिनींसाठी मुद्दाम मागविलेले होते. आत बिस्किटे होती. दर्शनी बाजूस एक हिरवे पान, 'शुगर-फ्री' ही ठळक अक्षरे, आणि हल्ली घरोघर चर्चिल्या जाणाऱ्या आहारयोजनांस हे खाद्य अनुकूल असल्याची एका आहारतज्ज्ञाची शिफारस, हसऱ्या छायाचित्रासह. मी चष्मा लावून हे सर्व वाचले आणि निकाल दिला, "चालेल. छापलेलंच आहे तसं."

छत्तीस वर्षे मुलांना 'प्रश्न शेवटपर्यंत वाचा आणि मग लेखणी उचला' असे बजावणाऱ्या मास्तराने त्या दिवशी पाकिटाची मागील बाजू उलटून पाहिली नाही. अक्षरे मुंगीएवढी होती आणि इंग्रजी होती, ही सबब खरी असली तरी सबबच होय.

वहिनी तशा मिताहारी. परंतु 'साखर नाही' असे भाऊजींनी सांगितल्यावर संकोच उरला नाही. सकाळच्या चहाबरोबर तीन, सायंकाळी तीन, असा क्रम तीन महिने चालला. कार्तिकात रक्ताची तपासणी झाली, तेव्हा गत तीन महिन्यांच्या साखरेचा जो सरासरी आकडा ७.१ असे तो ८.४ वर गेलेला आढळला. आमच्या डॉक्टरांनी औषधे विचारली, जेवण विचारले, सणावारांचे गोडधोड विचारले, आणि शेवटी म्हणाले, "ते बिस्किटाचं पाकीट घेऊन या."

त्यांनी पाकीट हातात घेताच प्रथम उलटे केले. हे मी विसरणार नाही. दर्शनी बाजूकडे त्यांनी पाहिलेही नाही. मागे घटकांच्या यादीत पहिला शब्द होता मैदा, दुसरा पामतेल, आणि पुढे माल्टोडेक्स्ट्रिन नावाचे एक पिष्टजन्य चूर्ण. आपल्याकडील नियमांप्रमाणे घटक हे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे जे पहिले ते सर्वांत अधिक. वहिनी तीन महिने मुख्यतः मैदा खात होत्या. सर्व दोष बिस्किटांचाच असे डॉक्टर म्हणाले नाहीत. श्रावण-भाद्रपदांतील पक्वान्नांचा वाटाही त्यांनी मोजला. तथापि पुरणपोळी खाताना वहिनींना आपण काय करीत आहोत हे ठाऊक होते. बिस्किटांविषयी ते ठाऊक नव्हते.

यात खोटे असे काहीच छापलेले नव्हते, हीच खरी मौज. २०१८ च्या दावे व जाहिरातविषयक नियमांनुसार ज्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर नाही त्यास 'शुगर-फ्री' म्हणविण्याची मुभा आहे. परंतु मैदा म्हणजे पिष्ट. ते पोटात गेले की त्याची साखरच होते आणि रक्तात उतरते. माल्टोडेक्स्ट्रिन तर फारच त्वरेने उतरते, आणि पाकिटावरील साखरेच्या रकान्यात त्याची गणना होत नाही. कढईत साखर नव्हती हे खरे. वहिनींच्या रक्तात ती कोठून आली, हा प्रश्न पाकिटाने स्वतःस विचारलेला नव्हता. शिवाय उष्मांकांचे ठळक आकडे दिले होते ते 'एका वाढणी'चे, आणि वाढणी धरली होती दोन बिस्किटांची. दोन बिस्किटांवर थांबणारा मनुष्य आमच्या तरी घरात जन्मास यावयाचा आहे.

भाषेचा प्रश्नही लहान नव्हे. असा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत छापला म्हणजे कायद्याचे समाधान होते. मराठी छापण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. तेव्हा ज्या बाईने ते खावयाचे, तिला वाचता येईल अशा भाषेत मागची बाजू बहुधा नसतेच. तिला वाचून दाखविणारा कोणी लागतो, आणि तो माझ्यासारखा आळशी निघाला की संपले.

न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण मानले आहे. परंतु वाटेल त्याचा शब्द नव्हे, तर आप्ताचा. आप्त तो, की ज्याला वस्तू यथार्थपणे ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशीच सांगू इच्छितो. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आपल्या मराठीने याच शब्दाचा अर्थ नातलग असा करून ठेवला, आणि त्यात एक गोड घोटाळा झाला: जो आपला, त्याचे वचन प्रमाण, असे आपण धरून चालतो. वहिनींच्या दृष्टीने मी दोन्ही अर्थांनी आप्त होतो. त्यांनी त्या छायाचित्रातील गृहस्थांवर विश्वास ठेविला नाही, माझ्यावर ठेविला. आणि मी कोणावर ठेविला? ज्याला वस्तू ठाऊक असेलही, परंतु जशी आहे तशी सांगण्यात ज्याचा तोटा आहे, अशावर.

या मोहातून मोठमोठ्या संस्थाही सुटलेल्या नाहीत. २००८ साली भारतीय डॉक्टरांची जी सर्वांत मोठी संघटना, त्या इंडियन मेडिकल असोसिएशनने पेप्सिको कंपनीशी करार केला आणि ट्रॉपिकाना रस व क्वेकर ओट्स यांच्या वेष्टनांवर संघटनेची मुद्रा झळकू लागली. त्यावर आक्षेप आले. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांनी अशा मालाची जाहीर शिफारस करू नये असा स्पष्ट नियम घातला, आणि २०१० साली संघटनेच्या प्रमुख पदाधिकाऱ्यांवर कारवाईही झाली. ओट्स विष आहेत असे कोणाचेही म्हणणे नव्हते. प्रश्न एवढाच होता, की रोग्याने ज्या मुद्रेकडे पाहून धीर धरावयाचा ती मुद्रा कराराने देता येते काय?

आहारयोजनांचे म्हणाल, तर त्यांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. आमच्या मराठवाड्यात डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सर्वतोमुखी केलेला दोन जेवणांचा विचार घराघरात पोचला आहे. माझा पुतण्याच तो पाळून आठ किलोंनी हलका झाला. पण त्या विचाराचा गाभा काय? भूक लागेल तेव्हा दोनच वेळा जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावे, मध्ये काही खाऊ नये. कोणत्या कारखान्याचे खावे, याचा त्यात संबंधच येत नाही. चहाबरोबरच्या बिस्किटाला, मग ते कसेही असो, त्यात आसनच मांडलेले नाही. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोड्याथोड्या अंतराने खाण्यास सांगतात, पण घरचे, गावचे आणि त्या ऋतूचे. जेवणाच्या वेळांविषयी या उभयतांचे पटत नाही. पाकीट मात्र दोघांच्याही अनुयायांस सारख्याच हसतमुखाने सामोरे जाते. योजना लोकप्रिय झाली की तिच्या सावलीत दुकान लावण्यास तिच्या कर्त्याची परवानगी लागत नाही.

आणि हे आजचेच आहे असेही मानण्याचे कारण नाही. आपली सर्वांत जुनी आहारयोजना एकादशी. किराणा दुकानात 'उपवासाचा चिवडा' अशी पाकिटे टांगलेली असतात ती कोणाच्या शिफारशीवर खपतात? साक्षात धर्मशास्त्राच्या! वास्तविक साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातील. कोणत्याही स्मृतिकाराने ती चाखलेली नाहीत. साबुदाणा हा तर टॅपिओकाच्या कंदाचा पिष्टमय सांजा, बहुतांश तमिळनाडूतील सेलमकडे तयार होणारा. वहिनी महिन्यातून दोनदा तो निष्ठेने खातात. डॉक्टरांनी बिस्किटांबरोबर त्याचेही नाव घेतले, तेव्हा त्यांची मुद्रा बिस्किटांच्या वेळेपेक्षा अधिक कष्टी झाली.

माझ्या आजीचा मार्ग सोपा होता. ती डब्यातील कशावरच विश्वास ठेवीत नसे. डालडा १९३७ साली बाजारात आला. आमच्याकडे पुढे पुष्कळ वर्षांनी कोणीतरी ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो डबा आणला, तेव्हा तिने तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. त्यात जनावराची चरबी असते, असा तिचा ग्रह. ग्रह चुकीचा होता. परंतु वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाने हृदयविकार बळावतो हे नंतर सिद्ध झाले, आणि जानेवारी २०२२ पासून तेल-तुपांत तो शेकडा दोनहून अधिक नसावा असा नियम आहे. आजी बरोबर ठरली, पण चुकीच्या कारणाने. उलट पुड्यातील आयोडीनयुक्त मीठही तिने असेच नाकारले असते, आणि तेथे ती चुकली असती. गलगंडापासून रक्षण करणारी ती वस्तू पुड्यातूनच येते. त्या पुड्यावर कोणाचे हसरे छायाचित्र लागत नाही. दशलक्ष भागांत किमान पंधरा भाग आयोडीन ग्राहकाच्या हाती पोचले पाहिजे, असा आकडा ठरलेला आहे आणि तो कोणालाही तपासून घेता येतो.

आमच्या गावावरून जाणारा सोलापूरचा रस्ता ज्या हैदराबादेस पोचतो, तेथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पाकिटांवरील दावे दिशाभूल करू शकतात, 'शुगर-फ्री' पदार्थांत मेद भरपूर असू शकतो, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. माझा निकाल त्यानंतरचा, म्हणजे अज्ञानाचा बचावही मला नाही.

घरी परतल्यावर कठीण प्रसंग पुढेच होता. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्याही नाहीत. पाकिटे त्यांनी स्वतःच्या शिवणाच्या पैशांतून आणली होती. 'सासूबाईंना चहाबरोबर काहीतरी मिळावं' एवढीच इच्छा. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या पंगतीत मी सांगितले, की आणणाऱ्याची चूक नाही, खाणाऱ्याची नाही, वाचणाऱ्याची आहे. मास्तराला हे वाक्य उच्चारावयास जड जाते. वहिनींनी सुनेच्या पानात तूप वाढले आणि विषय संपविला.

आता चहाबरोबर त्या मूठभर भाजलेले फुटाणे खातात. माघातील तपासणीत आकडा ७.६ वर आला. पुतण्याने मला एक भिंग आणून दिले आहे. परवा शेजारची लग्नपत्रिका आली, ती मी मोठ्याने वाचून दाखवीत होतो, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक सर्व झाले, तोच माजघरातून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, मागचं वाचलंत का?"

मी पत्रिका उलटली. मागे खरोखरच लिहिले होते, की भोजन मुहूर्तापूर्वी आहे.