तिचा उपवास

यंदा दशलक्षण पर्वात माझे सलग तीन उपवास घडले. पारण्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं. सासूबाईंनी मुगाचं पाणी हाती दिलं, जावेने ओटी भरली, बस्तीतल्या बायका म्हणाल्या, "अक्का, केवढं सोसलंत हो!" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्या रात्री लेकीने आणून ठेवलेला जुना अंक चाळताना नर्गिस मोहम्मदीविषयी वाचलं. इराणमधल्या झंजानला १९७२ साली जन्मलेली ही बाई, शिक्षणाने इंजिनिअर. फाशीची शिक्षा बंद व्हावी, बायकांवर हिजाबची सक्ती नसावी, राज्य लोकांच्या मताने चालावं, एवढंच तिचं मागणं. त्यापायी पुन्हा पुन्हा तुरुंग. २०२३चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हाही ती तेहरानच्या एविन तुरुंगातच होती.

त्या नोव्हेंबरात तिला उपचारांची गरज होती. डोकं झाकल्याशिवाय दवाखान्यात नेणार नाही, असा तुरुंगाचा हट्ट. तिने अन्न सोडलं. काही दिवसांत तिला उघड्या डोक्यानेच न्यावं लागलं.

१० डिसेंबरला ऑस्लोत तिची जुळी मुलं, अली आणि कियाना, पारितोषिक घ्यायला उभी राहिली. सतरा वर्षांची पोरं. आईला त्यांनी आठेक वर्षं पाहिलं नव्हतं. तिची खुर्ची रिकामी. आणि त्याच दिवशी आई तुरुंगात पुन्हा उपाशी राहिली, ती बहाई लोकांसाठी. इराणमधला हा अल्पसंख्य धर्म. त्याच्या मुलांना तिथे विद्यापीठाची दारं बंद. नर्गिस स्वतः बहाई नाही.

इथे मी अडखळले. आपणही संख्येने थोडेच की! शिखरजीचा प्रश्न आला तेव्हा मी मोर्चात गेले होते. पण त्याआधी, २०२२ साली, आपल्या कर्नाटकात डोक्यावर स्कार्फ घेतलेल्या मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवलं, तेव्हा? तिकडे झाकायची सक्ती, इकडे काढायची. मुलीला कोण विचारतो? आमच्या समोरच्या घरातली मुलगी कितीतरी दिवस घरीच बसली. "काय झालं गं?" एवढंही मी तिच्या आईला विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय, म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

माझे उपवास माझ्या कर्मनिर्जरेसाठी, ते चुकीचे नाहीत. पण दुसऱ्याच्या लेकीसाठी मी एक घासही कधी सोडला नाही.

पुढच्या पारण्याला त्या माउलीला बोलवायचं ठरवलंय. त्याआधी मात्र मलाच तिच्या दारी जायला हवं.