आईचं डोंगल आणि माझा लॅपटॉप

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की दोन गोष्टी आपोआप होतात. एक म्हणजे घरातला टीव्ही बंद पडला तरी हाक तुम्हालाच मारतात. आणि दुसरी म्हणजे मावसभावापासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांपर्यंत प्रत्येक जण विचारतो, "घरी कॉम्प्युटर घ्यायचाय, कुठला घेऊ गं?" आपण तेव्हा एफईला असतो. ड्रॉइंगच्या शीटमधून मान वर काढायला वेळ नसतो, पण उत्तर मात्र ठोकून देतो, "आय-फाइव्ह, सोळा जीबी, एसएसडी!" विचारणारा खूश, आपणही खूश.

हाच प्रश्न २०२५ च्या दिवाळीत आमच्या स्वतःच्या घरात आला, तेव्हा उत्तर सापडायला दीड महिना लागला.

आमचं घर बार्शीला. बाबा एसटीत कंडक्टर. आई गेली अठरा वर्षं घराच्या पुढच्या खोलीत डीटीपी करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पुण्यस्मरणाची कार्डं असलं सगळं. लग्नाआधी तिने मराठी टायपिंग चाळीसची परीक्षा दिलेली आहे. त्यामुळे तिची बोटं रेमिंग्टनच्या कीबोर्डवर अशी पळतात की कोडिंग करणाऱ्या माझ्या दोन बोटांना लाज वाटावी. माझी दहावीपासूनची फी या बोटांतूनच आलेली आहे.

तिचा कॉम्प्युटर २०१४ सालचा, असेम्बल्ड, इंटेलच्या चौथ्या पिढीचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे आमचं यंत्र दारातच अडलं. वर्षभराची वाढीव सुरक्षा-मुदत मिळत होती, पण हार्डडिस्कही कुरकुरायला लागली होती. "नेटची वायर काढून टाक आणि वापर तसाच" असं एकाने सुचवलं. पण आता मजकूर येतो व्हॉट्सॲपवर आणि प्रेसला पीडीएफ जाते मेलवर. नेट काढलं तर धंदाच काढल्यासारखं.

दुसरीकडे, मी टीईला पोचले तरी माझ्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता. लॅबमध्ये बसायचं, नाहीतर रूममेट झोपली की तिचा घ्यायचा. आईने पतसंस्थेच्या पिग्मीत रोज थोडेथोडे टाकून साठ हजार जमवले होते, "तुझ्या लॅपटॉपचे" म्हणून. आता पैसे एका यंत्राचे आणि गरजवंत दोन! आई म्हणाली, "तू घे लॅपटॉप, मी बघते माझं." आता तुम्हीच सांगा, हे ऐकून कुणाला लॅपटॉप गोड लागेल?

सुट्टी संपवून हॉस्टेलला आले आणि प्रश्न मेसच्या टेबलावर टाकला. आमची मेस म्हणजे संसदच! सगळे पक्ष लगेच उभे राहिले.

पहिला पक्ष मॅकवाल्यांचा. रूममेट त्याची अध्यक्ष. "एकदाच घे, सहा वर्षं बघायला नको. बॅटरी दिवसभर, पंखा नाही, आवाज नाही." खोटं काहीच नव्हतं त्यात.

दुसरा पक्ष गेमिंग लॅपटॉपवाल्यांचा. ग्राफिक्स कार्ड असलं की प्रोजेक्टमध्ये मॉडेल ट्रेन करता येईल, असं घरी सांगायचं आणि रात्री काय चालतं ते रेक्टरना विचारायचं.

तिसरा पक्ष नव्या विचारांचा. त्यांचं म्हणणं, २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्सवर चालणारे विंडोज लॅपटॉप आलेत, मोबाइलसारखा एआरएम प्रोसेसर, हलके, बॅटरी झकास. आणि चौथा पक्ष जुन्या वळणाचा, "असेम्बल्ड डेस्कटॉप घे, त्याच पैशात डबल मशीन येतं."

ही भांडणं आपल्या मेसमध्ये जन्मलेली नाहीत. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला तेव्हा घाईत बरेचसे भाग बाजारातलेच घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. स्वतःचं म्हणावं असं मुख्य म्हणजे बायोस. १९८२ मध्ये कॉम्पॅकने तसंच वागणारं बायोस नव्याने लिहून आयबीएमशी जुळणारं मशीन जाहीर केलं. मग अशा मशीनची रांगच लागली. टिळक रोडवर किंवा लॅमिंग्टन रोडवर आपण आज मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची आणि कॅबिनेट तिसऱ्याचं घेऊ शकतो, त्याचं मूळ इथे आहे. ॲपलचा रस्ता वेगळा. १९८४ च्या मॅकिंटॉशपासून यंत्रही आमचं आणि सिस्टीमही आमची.

गंमत म्हणजे आईचा धंदा जन्मला मॅकवर. १९८५ मध्ये मॅकसाठी पेजमेकर आलं, जोडीला ॲपलचा लेझर प्रिंटर आला आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द रूढ झाला. पण आमच्याकडच्या लहान गावांत डीटीपी आलं ते असेम्बल्ड मशीनच्या पाठीवर बसून, कारण परवडत तेच होतं.

हे सगळं ज्ञान मी फोनवरून आईला ऐकवलं. कोअर किती, नॅनोमीटर किती, रॅमचा वेग किती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"यावर माझी जुनी कामं उघडतील का?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. आईकडे अठरा वर्षांच्या फाइली आहेत. थोरल्या मुलीची पत्रिका जिने केली तिच्याकडेच धाकट्याची येते, आणि "ताईच्या पत्रिकेसारखीच करा, फक्त नावं बदला" असं सांगतात. पतसंस्थेचा अहवाल तर दरवर्षी मागच्या वर्षीच्या फाइलवरच उभा राहतो. पण या फाइली युनिकोडमधल्या नाहीत. त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत. तिथे मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

मग बदलून घ्यावं सगळं युनिकोडमध्ये? कन्व्हर्टर मिळतात. पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षर जसं डोळ्यांना दिसतं त्याच क्रमाने साठवलेलं असतं. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत म नंतर येतो, युनिकोडमध्ये र आधी. कन्व्हर्टर ही उलटापालट बरीचशी करतो, पण कुठेतरी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. गोष्टीच्या पुस्तकात चालून जाईल एखादे वेळी. पत्रिकेत वधूच्या नावावरचा रफार सरकला तर पाचशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागतात, आणि त्याही स्वतःच्या खिशातून.

त्यात आणखी एक कुलूप आहे. आईचं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर यूएसबीला एक डोंगल लावल्याशिवाय चालत नाही. अंगठ्याएवढी ती वस्तू आई देवघराच्या खणात ठेवते. ती मी दिवाळीनंतर रुमालात गुंडाळून पुण्याला आणली होती. सॉफ्टवेअरची सीडीही पेन ड्राइव्हवर उतरवून आणली होती. आता ठरवलं, मतं पुरे झाली. ज्या मशीनवर हे डोंगल चालेल, ते मशीन उमेदवार.

सुरुवात रूममेटच्या मॅकपासून. त्याच्यावर विंडोज घालता येतं, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये आणि तेही एआरएमचं. मग तिसऱ्या पक्षातल्या एका सीनिअरच्या एआरएम लॅपटॉपवर बघितलं. दोन्हीकडे एकच प्रकार! सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, सुरूही झालं, आणि "डोंगल सापडत नाही" म्हणून बंद झालं. कारण शोधल्यावर ओएसच्या पेपरला वाचलेलं एक पान जिवंत झालं. जुना प्रोग्रॅम एआरएमवर चालताना त्याच्या सूचनांचा चालता-चालता अनुवाद होतो. पण ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये बसतो आणि तिथे हा दुभाष्या नसतो. ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. आमच्या डोंगलला तसा ड्रायव्हर कुणी लिहिलेला नव्हता.

मग एका शनिवारी टिळक रोड. दुकानदार विचारायचे, "मॅडम, बजेट किती? गेमिंग की ऑफिस यूज?" मी रुमाल सोडून डोंगल काउंटरवर ठेवायचे. तीन दुकानांत त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी मोडीत काढायला निरांजन आणलंय. चौथ्या दुकानातले काका मात्र हसले. "अरे वा, हे अजून आहे का कुणाकडे!" त्यांनी विंडोज ११ असलेल्या इंटेलच्या मशीनवर लावून दिलं. डोंगल बनवणाऱ्याच्या साइटवर ६४-बिटचा नवा ड्रायव्हर होता, तो टाकला. दिवा लागला. आईची एक जुनी पत्रिका उघडली. वेलांट्या जागेवर, रफार जागेवर, वरचा गणपतीसुद्धा जागेवर!

तो दिवा लागण्यामागे मोठी परंपरा आहे बरं का. इंटेलचा ८०८६ आला १९७८ मध्ये. आजचे इंटेल आणि एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर त्याच घराण्यातले आणि अजूनही त्या जुन्या सूचना ओळखतात. ॲपलने १९९४ मध्ये मोटोरोलाचे जुने प्रोसेसर सोडून पॉवरपीसी घेतला, २००६ मध्ये इंटेल आणि २०२० मध्ये स्वतःचा एम१. दरवेळी जुन्या प्रोग्रॅमना काही वर्षांसाठी दुभाष्या दिला आणि पुढे निघाले. एक घर आजीची सगळी भांडी माळ्यावर जपून ठेवतं, म्हणून माळा गच्च भरतो. दुसरं घर मोड देऊन नवी भांडी घेतं, म्हणून स्वयंपाकघर मोकळं राहतं. दोन्ही घरांत स्वयंपाक उत्तमच होतो. माझं मन अजूनही त्या पंखा नसलेल्या मॅकवर आहे, हे इथेच सांगून टाकते! फक्त आमच्या घरातलं एक भांडं अजून रोज चुलीवर चढतं, एवढाच प्रश्न होता.

राहिला वाद डेस्कटॉप की लॅपटॉप. तो बाबांनी सोडवला. ते म्हणाले, "डेपोत नवी गाडी आली की सगळे बघायला जातात. मी विचारतो, हिचा पार्ट कुठल्या डेपोत मिळतो?" खरंच की! लॅपटॉप बिघडला तर सोलापूर किंवा पुणे. ऐन लग्नसराईत आठ दिवस मशीन नसणं म्हणजे सीझन गेला. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, वाढवता येत नाही, बदलता येत नाही. डेस्कटॉपचं कॅबिनेट मात्र आमच्या गल्लीतला पोरगा स्क्रू ड्रायव्हरने उघडतो, चहा होईपर्यंत एसएमपीएस बदलतो आणि जातो. लाइट गेली की डेस्कटॉप लगेच बसतो, हे खरं. पण आईकडे यूपीएस होता, त्याला नवी बॅटरी टाकली की काम सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो.

शेवटी हिशेब असा जमला. आईला असेम्बल्ड डेस्कटॉप, सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर आणि प्रिंटर जुनेच. यूपीएसच्या बॅटरीसह साधारण छत्तीस हजार. तेव्हा एआयच्या डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढायला लागले होते, म्हणून घासाघीस आवरती घेतली. उरलेल्या पैशात मला एक रीफर्बिश्ड ऑफिस लॅपटॉप, बावीस हजारांचा. झाकणावर एक ओरखडा आहे, पण त्याची रॅम बदलता येते आणि त्यावर लिनक्स सुरेख चालतं. गेमिंगवाले हसले. हसू देत.

गेल्या लग्नसराईत आईने नव्या मशीनवर काम केलं. नव्या पत्रिका आता ती युनिकोडमध्ये करते, लेआउट रेमिंग्टनचाच ठेवून. जुनी फाइल आली की डोंगल लावते, काम झालं की त्यातला मजकूर कन्व्हर्ट करते आणि प्रूफासारखा एकेक रफार तपासून ठेवते. मी तिला एक छोटा पायथन प्रोग्रॅम लिहून दिलाय. सरकलेला वाटेल तो रफार तो लाल करून दाखवतो. अजून काही जोडाक्षरांवर अडखळतो. आईने चुकांची यादी वहीत लिहून ठेवली आहे, प्रत्येक सुट्टीत ती माझ्यापुढे येते. एवढं कडक टेस्टिंग आमच्या लॅबमध्येही होत नाही! डोंगल एक दिवस बंद पडणार, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. त्याआधी अठरा वर्षांचं काम बाहेर काढायचं आहे. आतापर्यंत सहा वर्षांचं झालंय.

तर ज्युनिअर मंडळींनो, तुम्हाला आता कुणी "कुठला कॉम्प्युटर घेऊ?" विचारलं तर ‘आय-फाइव्ह’ म्हणण्याआधी त्यांनाच तीन प्रश्न विचारा. घरात त्यावर कोण काय काम करणार? आधीचं काय काय त्यावर उघडायला हवं? आणि बिघडला तर तुमच्या गावात कोण उघडणार? उत्तरं मिळाली की अर्धी दुकानं आपोआप गळतात. कदाचित तुमच्या घरी उत्तर मॅक येईल, कदाचित दहा हजारांचं जुनं मशीनही पुरेल.

आणि हो, कुणाच्या घरी लग्न ठरलं तर पत्रिकेसाठी जरूर सांगा. रफाराची गॅरंटी आमची!

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)