आवाज चढतो तेव्हा

यंत्राला दोन तोंडं होती, एक पुढे, एक मागे, आणि दोन्हींत पाइप सारखाच घट्ट बसत होता. यातलं ओढणारं कोणतं, असं विचारलं तर विकणारा म्हणाला, "दोन्ही चालतात, ताई." पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे विजेची वस्तू लावून दाखवा म्हणायची सोय नाही, लावणार कुठे? "एकदम चालू माल" या शब्दांची किंमत वस्तूच्या किमतीएवढीच धरायची. मी तेवढी धरली आणि व्हॅक्यूम क्लीनर रिक्षात घातला. सासूबाईंनी तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "आधी याला झाडा," म्हणाल्या, "मग याने घर झाडा."

माझं या यंत्राशी नातं म्हणजे लहानपणी दारात येणारे टायवाले विक्रेते. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ साली सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं तिची माणसं घरोघर जाऊन प्रात्यक्षिक दाखवत. आमच्या गादीतून निघालेली धूळ पांढऱ्या कपड्यावर पाहून आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. यंत्र मात्र घेतलं नाही. त्यामुळे त्याच्या पोटात काय असतं, हे मला गच्चीवर पहिल्यांदा झाकण उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं.

पोटात कापडाची पिशवी होती आणि ती दगडासारखी भरलेली होती. करोनातला उरलेला मास्क लावून ती उलटी केली. केस, उदबत्तीची राख, काडेपेटीच्या काड्या, तुटलेल्या बांगडीचा तुकडा, आणि या सगळ्यावर गुलाबी रांगोळीचा थर. तळाशी एक पावली निघाली. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ला चलनातून गेलं. म्हणजे आधीच्या मालकांनी तेव्हापासून पिशवी झाडलीच नव्हती, असं कोर्टात सिद्ध होणार नाही, पण माझं मत तेच आहे. पिशवीच्या मागे स्पंजची जाळी होती. तिला बोट लावताच तिचा चिकट भुगा झाला. हा फोम वर्षानुवर्षं दमट हवेत राहिला की आपोआप विरतो, वापरा की न वापरा.

पहिला धक्का इथे बसला. मला वाटत होतं, यंत्र म्हणजे मोटर आणि पिशवी म्हणजे नुसती कचऱ्याची टोपली. प्रत्यक्षात मोटरच्या दांड्यावरचा पंखा हवा बाहेर फेकत राहतो, त्याने आत हवा विरळ होते, आणि ती जागा भरायला बाहेरची हवा पाइपातून धावते. ही सगळीच्या सगळी हवा पिशवीच्या कापडातून पार व्हावी लागते. कापड बुजलं की खेळ संपला. मागचं तोंड फुंकण्याचं, हेही तेव्हाच कळलं: आलेली हवा शेवटी कुठेतरी जायलाच हवी.

या फुंकण्या-ओढण्याचा एक मोठा किस्सा आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. उडवण्यापेक्षा ओढावी, असं त्याच्या मनात आलं. मग एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा डाग उठला. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवर होतं, ते रस्त्यावर उभं राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९०८ साली अमेरिकेत ज्याला घरगुती यंत्राचं पेटंट मिळालं तो जेम्स स्पँग्लर तर दुकानात झाडलोट करणारा आणि दम्याने बेजार माणूस. त्याने पिशवी म्हणून उशीचा अभ्रा वापरला होता. रुमाल काय, अभ्रा काय, दोघांची खरी युक्ती कापडाचीच. मोटरचं कौतुक आपण उगाच जास्त करतो.

तरी मोटर उघडावी लागलीच. वायर दोनच तारांची होती, अर्थिंगची तिसरी तार नाही. मला दरदरून घाम फुटला. मग तळाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह दिसलं. दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांवर ते असतं आणि त्यांना अर्थिंग लागत नाही. वायर मात्र प्लगपाशी तडकून आतली तांब्याची तार डोकावत होती. ती बदलल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एवढं शहाणपण माझ्याकडे होतं. यंत्र हजार वॉटचं, म्हणजे २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरहून थोडं जास्त. मोबाइलच्या चार्जरला शोभेल अशी बारीक वायर चालणार नव्हती.

नवी वायर लावून, पिशवी झाडून बसवली आणि बटण दाबलं. यंत्र दणकून सुरू झालं, पण थोड्याच वेळात आवाज चढत चढत किंचाळीवर गेला. वास आला. मी खूश होते! आवाज चढतोय म्हणजे जोर वाढतोय, असंच वाटेल की नाही कोणालाही? पाइपच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला, तर तो जागचा हलेना.

बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास मोटरी भरून देणारे लोक आहेत. त्यातल्या एका काकांपुढे ते धूड ठेवलं. त्यांनी आवाज ऐकला, तळहाताने पाइपचं तोंड दाबलं, आवाज आणखी चढला, हात काढला, उतरला.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"हवा ढकलायचं काम असतं तेव्हा मोटर दबून चालते. काम नसलं की पळत सुटते. तुमची रिकामी पळतेय. आणि हवा हेच तिचं पाणी, ते बंद केल्यावर जळणार नाही तर काय?"

ही मोटर मिक्सरमधल्या जातीचीच, तिला ठरलेला वेग नसतो. ओझं कमी झालं की फेरे वाढतात. वाट तुंबली की पंख्याला हलवायला हवाच उरत नाही, म्हणून किंचाळी. आणि पंख्याने खेचलेली तीच हवा पुढे मोटरच्या अंगावरून जाऊन तिला गार ठेवते. मी जिला ताकद समजत होते ती घुसमट होती. काकांनी मोटर खोलून कार्बन दाखवले, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे ठोकळे, झिजून नखाएवढे उरलेले. ते ज्या गोल कम्युटेटरवर घासतात त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या काजळलेल्या होत्या. त्या त्यांनी अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसल्या आणि पट्ट्यांमधल्या खाचा टाचणीने कोरल्या. काळा एमरी पेपर मी पुढे केला, तर हात झटकला: "त्याची भुकटी खाचेत बसली की पट्ट्या एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात." नवे कार्बन बसवल्यावर सुरुवातीला निळ्या ठिणग्या उडाल्या. त्या थोड्या उडायच्याच. कम्युटेटरच्या पूर्ण गोलाभोवती आगीचं कडं दिसलं तर बंद करायचं.

पाइपची गळती घरी शोधली, उदबत्तीने. यंत्र चालू ठेवून पाइपच्या अंगावरून धूर फिरवायचा. जिथे चीर आहे तिथे धुराची रेघ आत वळते. मुठीजवळ, जिथे पाइप सारखा वाकतो, तिथेच ती वळली. उदबत्ती पाइपच्या तोंडाजवळ मात्र न्यायची नाही, निखारा आत गेला तर पिशवी वाळलेल्या केसांनी भरलेली असते. चिरलेला भाग कापून पाइप पुन्हा मुठीत फिरवून बसवला. वीतभर आखूड झाला, बाकी ठणठणीत.

राहिली पिशवी. जुनीत रांगोळीची दगडी भुकटी धाग्याधाग्यात बसली होती, कितीही झाडली तरी तोंडाने फुंकून हवा पार होईना. मग कापडाच्या दुकानात फुंकर मारत बसले. मलमलमधून सगळंच जातं, रेनकोटच्या कापडातून काहीच जात नाही. जाड सुती ड्रिल बरं वाटलं. शिंपीदादांनी जुन्या पिशवीवरून माप घेतलं आणि "ताई, उशी कोणासाठी?" असं विचारलं. पहिल्या दिवशी मागच्या तोंडातून बारीक धूळ थोडी बाहेर आली, नंतर थांबली. कापडाच्या आतल्या अंगाला धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळणीचं काम करतो, म्हणून पिशवी धुऊन कोरी करायची नसते, झाडायची असते. हे सासूबाईंना पटवणं मोटरपेक्षा अवघड गेलं.

आता दिवाणाखालचं सगळं निघतं. रांगोळी मात्र आम्ही हाताने गोळा करतो, यंत्राला दाखवत नाही. वायर आपोआप आत ओढून घेणारी स्प्रिंग मेलेली आहे आणि ती उघडायला काकांनी साफ नकार दिला: निसटली तर तोंडावर येते. वायर मी हातानेच गुंडाळते.